वर्सोव्याची केबल, घाटकोपरचा ओटीपी

मेट्रो-१ चं एक टोक वर्सोवा, दुसरं घाटकोपर. मधे जेमतेम साडेअकरा किलोमीटर. पश्चिमेच्या टोकाला समुद्राखालून आलेल्या आंतरराष्ट्रीय केबल भारताच्या जमिनीला लागतात. पूर्वेच्या बाजूला, असल्फ्याच्या टेकडीखाली, एका ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात माणसं ओटीपीची वाट बघत बसलेली असतात. हे केंद्र चालवणारी भाची आणि विदेश संचार निगममधून निवृत्त होऊन सात बंगल्याला राहणारे तिचे अभियंता मामा, ही या संवादातली दोन माणसं. माणसं कल्पित आहेत. तारखा, आकडे, कायदे खरे आहेत. दूरसंचाराने विकास झाला का, हा वाद तर घरोघरी चालू आहेच.

मामा : आलीस की तुझं सुरू. सर्व्हर डाऊन, ओटीपी येईना, बोटाचा ठसा उमटेना. अगं, मी नोकरीला लागलो तेव्हा अंधेरीत घरी फोन हवा असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायला लागायची. परदेशी बोलायचं तर कॉल बुक करून दिवसभर घर सोडायची सोय नव्हती. आज तुझ्या केंद्राबाहेर भाजी विकणारी बाई दुबईतल्या मुलाचं तोंड बघून बोलते. याला विकास नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

भाची : बोलते ना, रोज बोलते. पण तिचे लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये अडकले होते, त्याचं काय? सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. स्वतःच्या आधारवर एक ओटीपी, मग नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारवर दुसरा. तिचा नवरा वारलेला, वडील त्याच्याही आधी गेलेले. पडद्यावर मात्र दोनच पर्याय : पती किंवा वडील. सरकारने पुढे अशा बायकांसाठी वेगळी सोय केली, मुदतही वाढवली. पण तोवर तिने माझ्याकडे किती खेपा घातल्या, ते कुठल्या सरकारी दप्तरात आहे?

मामा : हा फॉर्म बनवणाऱ्याचा बावळटपणा. त्याचं खापर नेटवर्कवर का फोडतेस?

भाची : नेटवर्कचा त्यात काय भाग आहे ते सांगते. तिचा फोन साधा, रिचार्ज संपलेला. वैधता संपली की आधी आउटगोइंग बंद, काही दिवसांनी इनकमिंगही. मग ओटीपी कुठून येणार? महिन्याचा साधा रिचार्ज दोनशेच्या घरात. त्यात डेटा मिळतो, पण तिच्या फोनवर तो चालत नाही.

मामा : म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नियम केला की नुसत्या बोलण्याचा आणि एसएमएसचा वेगळा पॅक द्यायलाच हवा. दुखणं कळलं, औषध दिलं. नियामक झोपलेला नसतो.

भाची : हो, आणि त्या नियमाचं मी स्वागतच केलं. माझं म्हणणं एवढंच, की दरवेळी माणसाला दिलासा मिळाला तो नियमामुळे. तू मात्र श्रेय यंत्राला देतोस.

मामा : यंत्राला कमी लेखू नकोस. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने एडनपासून मुंबईपर्यंत तार अंथरली, तेव्हा लंडनची खबर इथे यायला लागणारा वेळ तासांवर आला. १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रह केंद्र सुरू झालं. १५ ऑगस्ट १९९५ ला आम्ही इंटरनेट सुरू केलं. विद्यार्थ्याला पाचशे रुपयांत अडीचशे तास, आणि पडद्यावर नुसती अक्षरं, चित्र नाही. आज तेवढ्या पैशांत तू महिनाभर सिनेमे बघशील.

भाची : आणि १८७० ची ती तार कुणासाठी होती? कापसाचा भाव आणि सरकारी हुकूम यांच्यासाठी. वऱ्हाडात कापूस पिकवणाऱ्याला लिव्हरपूलचा भाव कळावा म्हणून कुणी तार अंथरली नव्हती.

मामा : नव्हती. पण एकदा अंथरली की ती सगळ्यांची होते. वेळ लागतो, एवढंच.

भाची : आपोआप होते? तुझाच काळ घे. १९८२ मध्ये नैरोबीच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने सर डोनाल्ड मेटलंड यांचा आयोग नेमला. त्याच्या अहवालात होतं की एकट्या टोकियोत अख्ख्या आफ्रिकेपेक्षा जास्त टेलिफोन आहेत. तंत्र उपलब्ध होतं, शंभर वर्षं जुनं होतं. मग आफ्रिकेत का पोचलं नव्हतं?

मामा : मेटलंड मला शिकवू नकोस, आम्ही तो अहवाल ऑफिसात वाचलाय. आणि तो नीट वाचलास तर माझ्याच बाजूचा आहे. घरोघरी फोन द्या असं तो म्हणत नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ प्रत्येक माणसाला सहज गाठता येईल इतक्या अंतरावर फोन असावा, असं म्हणतो. आपल्याकडे सॅम पित्रोदांनी तेच ओळखलं. फोन मालकीचा नको, हाताशी हवा. त्यातून एसटीडी-पीसीओ उभे राहिले. अंधेरी स्टेशनबाहेर रात्री अकरानंतर पाव दर लागायचा तेव्हाची रांग तुला आठवत नसेल. रत्नागिरीला बोलणारे, आझमगडला बोलणारे, सगळे हातात सुटे पैसे घेऊन उभे. काचेच्या खोक्यात माणूस बोलतोय आणि बाहेरच्या मीटरवर लाल आकडे पळतायत. फोन ठेवला की चिठ्ठी छापून यायची : नंबर, मिनिटं, रुपये. ना मालक फसवू शकत होता ना गिऱ्हाईक.

भाची : आणि मालकाला कमिशन.

मामा : अर्थात! म्हणून तर चाललं. कितीतरी बूथ अपंगांना मिळाले, त्यांचे संसार उभे राहिले. अनुदानावर उभं केलेलं काही टिकत नाही. वारणेचं बघ. १९९८ मध्ये केवढा गाजावाजा : वायर्ड व्हिलेज! कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं, गावोगाव संगणक, केंद्र आणि राज्य सरकारचा पैसा, वारणा समूहाचा वाटा. शेतकऱ्याला जगाची माहिती मिळणार होती. शेवटी त्याने विचारलं काय? माझा ऊस किती टन भरला, बिल कधी निघणार. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी एसएमएसवर तेच काम करून दाखवलं. महागडं खोकं निरुपयोगी ठरलं, स्वस्त फोन पुरला.

भाची : तू ही गोष्ट खर्चाच्या बाजूने सांगतोस. मला त्यात दुसरंच दिसतं. शेतकऱ्याला कारखान्याने आपल्या नावावर काय लिहिलंय ते बघायचं होतं. वजनाच्या नोंदीवर डोळा ठेवायचा होता. जगाशी जोडणं ही योजना आखणाऱ्यांची हौस होती, त्याला हिशेब हवा होता. आणि त्याला हवं ते ज्या दिवशी मिळालं, त्या दिवशी साध्या एसएमएसनेही भागलं.

मामा : बरं, हे मी मान्य करतो. पण हिशेब बघायला आधी फोन तर हवा. तो स्वस्त कशाने झाला? स्पर्धेने. १९९५ मध्ये मोबाईलवर मिनिटाला सोळा रुपये पडायचे, आणि आलेल्या कॉललाही पैसे! १९९९ च्या धोरणाने ठोक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली, २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. सरकारचेच आकडे आहेत : २०१४ मध्ये एक जीबी डेटा २६९ रुपयांना पडायचा, आता दहाच्या आसपास.

भाची : १९९९ चं धोरण, २००३ चा नियम. तूच मोजतोयस, मामा. आणि २०१६ मधली एक तारीख गाळलीस : ८ फेब्रुवारी.

मामा : फ्री बेसिक्स. मला माहीत होतं तू तिथे येणार. मी तेव्हाही म्हणालो होतो, गरिबाला काही साइट फुकट मिळत असतील तर मिळू द्या. भुकेल्याला अर्धी भाकर नको म्हणून सांगणारे आपण कोण?

भाची : कारण ती भाकर वाढणारा ताटात काय असेल ते ठरवणार होता. फेसबुकने निवडलेल्या साइट फुकट, बाकीच्यांना पैसे. लाखो लोकांनी ट्रायला पत्रं लिहिली आणि वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा दर लावायला ट्रायने बंदी केली. सात महिन्यांनी जिओचा स्वस्त डेटा आला तेव्हा तो पुरा इंटरनेट म्हणून आला, कारण नियम आधी झाला होता. तो नसता तर माझ्याकडे येणाऱ्या मुलांना इंटरनेट म्हणजे चार-पाच चित्रं एवढंच वाटलं असतं.

मामा : हा युक्तिवाद चांगला आहे. पण नियम करणाऱ्यांवर एवढा विश्वास ठेवू नकोस. नियमांचाही पिळवणुकीसाठी वापर होतो, आणि ते मी आतून बघितलंय. पूर्वी आंतरराष्ट्रीय कॉलचे पैसे दोन्ही देश वाटून घ्यायचे. अमेरिकेतून इकडे कॉल जास्त, म्हणून डॉलर आपल्याकडे यायचे. गरीब देशांच्या टेलिफोन खात्यांची ती मोठी कमाई. १९९७ मध्ये अमेरिकेच्या संचार आयोगाने एकतर्फी ठरवून टाकलं की आमच्या कंपन्यांनी मिनिटाला इतकेच सेंट द्यायचे : देशाच्या ऐपतीप्रमाणे १५, १९ किंवा २३. आम्ही आरडाओरडा केला. कुणी ऐकलं?

भाची : आणि त्या डॉलरमधून गावात फोन गेले का?

मामा : (थोडं थांबून) काही गेले. बरेचसे सरकारी तिजोरीत गेले. खरं सांगायचं तर तो दर फार चढा होता आणि त्याची झळ इथल्या माणसालाही बसत होती. मस्कतहून घरी बोलणारा गवंडी पगाराचा केवढा तुकडा फोनवर घालायचा! दर पडल्यावर तोच सुटला. एप्रिल २००२ मध्ये आमची मक्तेदारी संपली. नोकरी म्हणून वाईट वाटलं, माणूस म्हणून नाही.

भाची : वर्सोव्याच्या केबल तेव्हा आल्या?

मामा : त्याच्या आगेमागे. ती गोष्ट तर कादंबरीसारखी आहे. १९९७ मध्ये फ्लॅग नावाची केबल मुंबईला लागली. उतरण्याचं केंद्र विदेश संचारच्या ताब्यात. पुढे फ्लॅगला क्षमता वाढवायची होती, दाराची किल्ली दुसऱ्याकडे. भांडण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि २००६ मध्ये निकाल फ्लॅगच्या बाजूने लागला. २००७ मध्ये ट्रायने नियम केला की केबलचं केंद्र कुणाचंही असो, दुसऱ्यांना वाजवी दराने आत घ्यावंच लागेल. मधल्या काळात डॉटकॉमचा फुगा फुटून पाश्चात्त्य कंपन्यांनी समुद्रात ओतलेले अब्जावधी डॉलर मातीमोल झाले होते. रिलायन्सने वीस-एकवीस कोटी डॉलरला अख्खी फ्लॅग घेतली. टाटांकडे गेलेल्या विदेश संचारने २००५ मध्ये तेरा कोटी डॉलरला टायकोचं साठ हजार किलोमीटरचं जाळं घेतलं. ज्यांना केबलचं भाडं भरावं लागायचं ते केबलचे मालक झाले. विकसनशील देशाने मिळवलेलं हे लहान यश नाही.

भाची : यश कंपन्यांचं. वर्सोव्याच्या कोळ्यांचं काय? केबल त्यांच्याच पाण्यातून येतात. ते तळात खुंट रोवून डोल लावतात, बोंबील-जवळा त्यातच येतो. केबल-जहाज आलं की लांब राहा, नांगर टाकू नका.

मामा : तेही खोटं नाही की जगात केबलचे निम्म्याहून जास्त बिघाड मासेमारीने आणि नांगरांनी होतात. भारताच्या बहुतेक केबल मुंबई आणि चेन्नईला लागतात, मुंबईत वर्सोव्याच्या थोडक्या किनाऱ्यावर त्यांची दाटी. एका जागी एवढं ओझं ठेवणं धोक्याचंच. ३० जानेवारी २००८ ला अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या आणि भारताची निम्मी क्षमता गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तुटल्या, पुन्हा इथला वेग मंदावला. दुरुस्तीचं जहाजही आपलं नाही, बाहेरून मागवावं लागतं. ट्रायने २०२३ मध्ये हे सगळं लिहून दिलंय.

भाची : लिहिलंय ते केबलचं रक्षण कसं करायचं. कोळ्याला नुकसानीची दाद कुठे मागायची, हे मार्ग आखतानाच ठरायला नको?

मामा : किनारा नियमनाची परवानगी लागते, कागद फिरतात. पण कोळीवाड्यात बसून कुणी विचारतं का, म्हणशील तर... विचारायला हवं. मात्र प्रत्येक केबलला दहा वर्षं परवानगीत अडकवलीस तर ती सिंगापूरला जाईल. मग तुझ्या केंद्रातला सर्व्हर आणखी सावकाश चालेल.

भाची : अडवा असं मी कधी म्हटलं? बरं, मला एक इंजिनिअरचा प्रश्न विचारायचाय. समुद्रात हजार किलोमीटरवर केबल तुटली तर तुम्हाला कसं कळतं?

मामा : सोपं आहे. किनाऱ्यावरून प्रकाशाचा स्पंद सोडायचा. तुटल्या जागेवरून तो परत फिरतो. यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. दर साठ ते शंभर किलोमीटरवर रिपीटर असतो, त्याची खबर वेगळी. बिघाड कधी झाला ते सेकंदासकट नोंदलं जातं, कुठे झाला ते जहाज नेमकं तिथे जाऊन उभं राहील इतकं काटेकोर. दोन सेंटिमीटर जाडीची वस्तू आम्ही तीन-चार हजार मीटर खोल पाण्यातून वर काढतो, बाई!

भाची : आता माझ्याकडचा बिघाड ऐक. साठीची बाई. भांडी घासून बोटांच्या रेषा गेलेल्या, ठसा उमटत नाही. मोबाईल नंबर जुना, रिचार्जअभावी बंद पडून दुसऱ्या कुणाला गेलेला. ओटीपी त्याला जातो. मी तीनदा बटण दाबते, पडदा म्हणतो, ‘काही वेळाने प्रयत्न करा.’ ती घरी जाते. हा बिघाड कुठे नोंदला गेला?

मामा : सर्व्हरच्या लॉगमध्ये असेल.

भाची : ओटीपी पाठवला, एवढं असेल. ती बाई हात हलवत गेली, हे नसेल. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवा मुदतीत द्यायची, अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचं, वर अपील, शेवटी आयोग. चांगला कायदा आहे, मी लोकांना तो समजावते. पण तो सुरू होतो अर्जाच्या पोचपावतीपासून. या बाईचा अर्ज दाखलच झाला नाही. म्हणजे तो नाकारलाही गेला नाही. अपील कशावर करणार? कागदोपत्री ती आलीच नव्हती.

मामा : हं.

भाची : आणि अशा किती आहेत त्याचा अंदाज घे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या फक्त ३३ टक्के बायकांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. पुरुष ५७ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाईल ५४ टक्के बायकांकडे. आज आकडे वाढले असतील. पण योजना बायकांसाठी, ओटीपी घरातल्या पुरुषाच्या फोनवर, आणि तो कामावर. हे चित्र मी रोज बघते. तुमच्या जाळ्यात दोन सेंटिमीटरची केबल हरवत नाही, माझ्या काउंटरवरून जितीजागती बाई हरवते.

मामा : तू आत्ता जे मागतेयस ना, ते मुळात टेलिफोन खात्याचंच आहे. १९८ ला फोन लावून तक्रार दिली की डॉकेट नंबर मिळायचा. लाइनमन आला नाही तर माणूस तो नंबर घेऊन एक्स्चेंजमध्ये भांडायला यायचा. आम्हाला त्या नंबरांची धास्ती असायची, कारण महिनाअखेर किती डॉकेट उघडी राहिली याचा जाब द्यावा लागायचा. ओटीपी गेला, पुढचं पान उघडलं नाही, दहा मिनिटं उलटली : यंत्राला हे कळतं. त्याच क्षणी डॉकेट फाडता येईल. तांत्रिकदृष्ट्या यात कठीण काही नाही.

भाची : फाडलेल्या डॉकेटची चिठ्ठी बाईच्या हातात पडली पाहिजे, तुझ्या पीसीओच्या मीटरसारखी. तारीख, वेळ, कुठे अडलं, कुणाकडे जायचं. आणि इतक्या दिवसांत उत्तर नाही तर ठशाशिवाय, ओटीपीशिवाय, कागद बघून काम करायचं बंधन.

मामा : पैसा कुणी द्यायचा? तुझं कमिशन अर्जाला मिळतं. अडलेल्या माणसापाठी तास घालवलास तर तुझा धंदा बसेल. आणि अनुदान म्हटलंस की मी पुन्हा वारणेची आठवण करून देईन.

भाची : मोबाईल कंपन्यांच्या समायोजित महसुलातून ५ टक्के सरकार सार्वत्रिक सेवेसाठी घेतं. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला डिजिटल भारत निधी नाव दिलं. टॉवर आणि ऑप्टिकल फायबरला त्यातून पैसा मिळतो. मिटलेल्या डॉकेटला का नाही? केंद्र उघडलं म्हणून पैसे देऊ नका. अडलेलं काम निघालं, बाईने चिठ्ठीवर सही केली, तर द्या. कमिशनच आहे हे, फक्त सोप्या गिऱ्हाइकाऐवजी अवघड गिऱ्हाइकावर.

मामा : खोट्या सह्या होतील. आधी काम अडवायचं, मग मिटवायचं, आणि निधीतून पैसे काढायचे. रोजगार हमीचे हजेरीपट आठव.

भाची : होतील काही. पीसीओतही मीटर पळवणारे होतेच. म्हणून तुम्ही बूथ बंद केले नाहीत, मीटरला सील ठोकलंत.

मामा : सील ठोकणारा माणूसही पगारावर ठेवावा लागतो, हे लक्षात ठेव. आणि दुसरं : गडचिरोली, नंदुरबारला आधी नेटवर्क पोचू दे. राज्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र केलंय. जिथे टॉवर जात नाही तिथे आकाशातून जाईल. तिथल्या माणसाला डॉकेटच्या आधी सिग्नल हवाय.

भाची : बरोबर, पण तिथे सिग्नलबरोबरच ई-केवायसीही पोचणार. उपग्रह परक्या कंपनीचा, बटण तिच्या हातात, आणि तक्रार घ्यायला तालुक्याला माणूस नाही. पोचल्यावर नियम करू म्हणालास तर आणखी दहा वर्षं जातील. त्या इरादापत्राचा करार होईल तेव्हा डॉकेटचं कलम पहिल्या पानावर घाला.

मामा : पहिल्या पानावर दर असतो, बाई. दर परवडला नाही तर तुझं कलम वाचायला कुणी उरणार नाही. दुसऱ्या पानावर घालू.

भाची : चालेल. पण कराराला जोडलेल्या परिशिष्टात नको. तिथे गेलेलं आजवर कुणी वाचलेलं नाही.